गिरणी जमिनींचा पुनर्वापर

गिरणी जमिनींचा पुनर्वापर : उत्पादन थांबलेल्या कापड गिरण्यांच्या ताब्यातील शहरी जमीन, तीवरील इमारती, तळी व यंत्रसामग्री यांची नव्या प्रयोजनासाठी केलेली पुनर्रचना. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यत्वे मुंबईच्या गिरणगावात उद्‌भवला. नागपूर, सोलापूर व कोल्हापूर येथेही तो कमीअधिक प्रमाणात निर्माण झाला. उद्योग बंद पडल्यावर त्याची जमीन कोणाची आणि ती कशासाठी वापरावयाची, हा ह्या विषयाचा गाभा होय. मालक, धनको, कामगार, नगरपालिका आणि परिसरातील रहिवासी अशा पाच पक्षांचे हितसंबंध त्यात गुंतलेले असतात. अलीकडे चक्रीय अर्थव्यवस्था आणि वृद्धीनिरपेक्ष नियोजन ह्या दोन विचारांच्या आधारे ह्या प्रश्नाची नव्याने मांडणी केली जाते.

संकल्पना : वस्तू तयार करणे, वापरणे व टाकून देणे ह्या सरळ रेषेतील क्रमाऐवजी दुरुस्ती, पुनर्वापर आणि पुनर्निर्मिती यांच्या योगे द्रव्य शक्य तितका काळ वापरात ठेवणे, हे चक्रीय अर्थव्यवस्थेचे सूत्र आहे. केनेथ बोल्डिंग यांनी १९६६ मध्ये पृथ्वीला मर्यादित साठ्याच्या अवकाशयानाची उपमा देऊन ह्या विचाराला चालना दिली. वॉल्टर स्टाहेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ऊर्जेच्या जागी मनुष्यबळ योजून वस्तूंचे आयुष्य वाढविता येईल, असे दाखवून दिले. वृद्धीनिरपेक्ष विचार याहून एक पाऊल पुढे जातो. उत्पादन व उलाढाल यांची अखंड वाढ हे समाजाच्या सुस्थितीचे माप मानू नये, असे तो सांगतो. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांचा १९७१ चा ग्रंथ, ‘क्लब ऑफ रोम’चा वृद्धीच्या मर्यादांविषयीचा १९७२ चा अहवाल आणि हर्मन डेली यांचे स्थिरावस्थेच्या अर्थशास्त्रावरील १९७७ चे पुस्तक हे त्याचे महत्त्वाचे टप्पे होत. महाराष्ट्राच्या भूमीतही ह्या विचाराचे एक मूळ सापडते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ मध्ये वर्ध्यात झाली. त्याचे कार्यवाह जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मधील ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ ह्या पुस्तकात, निसर्गाच्या साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था क्षणिक असते आणि त्याच्या प्रवाहावर जगणारी टिकाऊ असते, असा भेद मांडला.

शहरी जमिनीला हे विचार लावले असता तीन प्रश्न उभे राहतात. जुन्या इमारतीत खर्च झालेले दगड, लाकूड, लोखंड व श्रम पाडकामात वाया घालवायचे की वापरात ठेवायचे? दूषित झालेली जमीन घाईने खोदून दुसरीकडे टाकायची की जागच्या जागी शुद्ध करायची? आणि जमिनीच्या वाढत्या किमतीवरच पुनर्रचनेचा खर्च अवलंबून ठेवायचा की त्यासाठी दुसरा आधार शोधायचा? ह्यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत कठीण असून मुंबईचा इतिहास बव्हंशी त्याभोवतीच फिरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी व दादर ह्या पट्ट्यात गिरण्यांची दाट वस्ती उभी राहिली. त्या काळी हा भाग शहराच्या सीमेवर होता. जमीन स्वस्त होती आणि तिचा काही हिस्सा भाडेपट्ट्याने मिळालेला होता. प्रत्येक गिरणीत धुराडे, बाष्पकांची खोली, उत्तरेकडून उजेड घेणारे करवतीच्या दातांसारख्या छपरांचे साचेखाते, गोदामे आणि पाण्याचे तळे असे. बांधकामात स्थानिक काळा दगड, ब्रह्मदेशी सागवान आणि ओतीव लोखंडाचे खांब सढळपणे वापरले जात. गिरण्यांभोवती कोकण, घाट व देश येथून आलेल्या कामगारांच्या चाळी आणि खाणावळी उभ्या राहिल्या. कोल्हापूर, सातारा व रत्नागिरी ह्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांची शेती गिरणीतल्या पगारावर तगून होती. गिरणगाव आणि हे जिल्हे यांचा संबंध त्यामुळे केवळ स्थलांतराचा नव्हता, तर एकाच घराच्या दोन चुलींचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांचे नूतनीकरण रेंगाळले आणि यंत्रमागांची स्पर्धा वाढली. आजारी गिरण्या १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत होऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार उतरले. हा संप विधिवत मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. १९८३ मध्ये मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन शासनाने ताब्यात घेतले. पुढील दशकात एकेका गिरणीचा भोंगा बंद होत गेला. तोवर शहर उत्तरेकडे वाढून गिरणगाव त्याच्या मध्यभागी आले होते. धंदा तोट्यात आणि त्याखालची जमीन सोन्याच्या मोलाची, अशी ही विपरीत स्थिती होती. गिरणी चालविण्यापेक्षा ती बंद ठेवणे मालकाला अधिक फायद्याचे ठरू लागले.

मुंबईतील कायदेशीर व्यवस्था : मुंबईत एकूण ५८ गिरण्या व सु. ६०० एकर (सु. २४० हेक्टर) जमीन ह्या प्रश्नाखाली येत होती. त्यांपैकी २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, एक राज्य महामंडळाची आणि उरलेल्या ३२ खाजगी मालकीच्या होत्या. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करण्यास प्रथमच परवानगी दिली. त्याचा गोषवारा असा, की स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेला आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाला द्यावी व उरलेली मालकाने विकसित करावी. पूर्ण अंमलबजावणी झाली असती, तर शहराला उद्याने व क्रीडांगणांसाठी सु. २०० एकर आणि घरांसाठी जवळपास तेवढीच जमीन मिळाली असती. मालकांना हा हिस्सा जाचक वाटला. जुन्या इमारतींचाच निराळा वापर करण्याच्या सवलतीत जमीन सोडावी लागत नसल्याने पुष्कळांनी ती वाट धरली.

राज्य शासनाने १९९६ मध्ये वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. ह्या गटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची पाहणी करून, प्रत्येक गिरणीचे स्वतंत्र तुकडे करण्याऐवजी शेजारच्या जमिनी एकत्र घेऊन आराखडा करावा, अशी सूचना केली. परळ भागात रेल्वे स्थानकांलगत सार्वजनिक चौक व रस्ते, त्यांना लागून उद्याने, घरे आणि रोजगाराच्या जागा, शिवाय जतनयोग्य इमारतींचा नवा वापर अशी त्याची रूपरेषा होती. चक्रीय पुनर्रचनेला आवश्यक असलेली एकसंध दृष्टी मुंबईत अधिकृत पातळीवर मांडली गेली, ती प्रथम येथे. मात्र हा आराखडा अंमलात आला नाही.

२००१ मध्ये ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली. वाटपाचे सूत्र संपूर्ण जमिनीला न लावता केवळ इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीला लावावे, असा तिचा परिणाम झाला. गिरण्यांचा बहुतेक भाग शेडांनी व्यापलेला असल्याने महापालिका व म्हाडा यांच्या वाट्याला येणारे क्षेत्र अनेक पटींनी घटले. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्र. ३ व मुंबई टेक्स्टाइल ह्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या. मुंबई टेक्स्टाइल गिरणीला सु. ७०२ कोटी आणि कोहिनूर क्र. ३ ला सु. ४२१ कोटी रुपये आले. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ ह्या संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम वैध ठरविला.

ह्या घटनाक्रमामागील आर्थिक यंत्रणा लक्षात घेणे आवश्यक आहे. औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढील योजनांनुसार जमीनविक्रीच्या पैशातून बँकांची कर्जे, कामगारांची देणी व स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा भागवायच्या होत्या आणि काही गिरण्यांचे आधुनिकीकरणही करावयाचे होते. म्हणजे कामगाराला त्याचे घामाचे पैसे मिळण्यासाठी जमीन जास्तीत जास्त भावाने विकली जाणे आणि तो भाव येण्यासाठी तीवर जास्तीत जास्त बांधकाम होणे गरजेचे ठरले. मोकळ्या जागेची मागणी आणि कामगारांच्या देण्यांची मागणी यांना परस्परांविरुद्ध उभे करणारी ही रचना होती. न्यायालयातील वादातही हा पेच स्पष्टपणे पुढे आला. पुनर्रचनेचा सारा खर्च जमिनीच्या भाववाढीवर टाकला, की परिसराच्या धारणशक्तीचा विचार मागे पडतो, हे यावरून दिसते.

परिणाम : लोअर परळ व परिसरात त्यानंतरच्या दोन दशकांत कार्यालयीन मनोरे, मॉल व उच्चभ्रू निवासी संकुले उभी राहिली. रस्ते व स्थानके मात्र गिरणीकाळातीलच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (२०१८ पासून प्रभादेवी) पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावली. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिल्स आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. जुनी इमारत राखून नवा वापर करणे म्हणजे आपोआप चक्रीय पुनर्वापर नव्हे, हा दुसऱ्या घटनेचा धडा होय. रस्त्यांची रुंदी, अग्निसुरक्षा आणि गर्दीची मर्यादा यांचा हिशेब नसेल, तर जुन्या शेडची जागा केवळ स्वस्तातले बांधकाम ठरते. पाडलेल्या गिरण्यांतील सागवानी तुळया, खिडक्या व लोखंडी खांब जुन्या मालाच्या बाजारात गेले. यंत्रे बहुतांशी भंगारात निघाली. द्रव्याचा पुनर्वापर झाला, पण तो विखुरलेला व नोंदविरहित होता आणि त्याचा लाभ परिसराला झाला नाही.

कामगारांच्या घरांचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. संघटनांच्या पाठपुराव्यानंतर म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची, २०१६ मध्ये २,६३४ घरांची आणि २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत काढली. पहिल्या सोडतीतील घरे सु. २२५ चौ. फुटांची होती. अर्जदार कामगार व वारसदार यांची संख्या दीड लाखाच्या आसपास असल्याने ही घरे गरजेच्या मानाने फारच अपुरी ठरली. अर्जदारांतील पुष्कळ कुटुंबे तोवर आपापल्या गावी परतली होती.

सार्वजनिक स्मृतीसाठी काही जमिनी राखल्या गेल्या. दादर येथील इंदू मिलच्या सु. साडेबारा एकर जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्र. २–३ च्या जागी वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प महानगरपालिकेने हाती घेतला. तेथील तळे व जुन्या वास्तू हा त्या प्रकल्पाचाच भाग आहे.

राज्यातील अन्य शहरे : नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी सुरू केली. ती २००२ मध्ये बंद झाली व तिच्या जागेवर मॉल आणि निवासी संकुल उभे राहिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला. कोटितीर्थ तलावालगतच्या सु. २७ एकर जागेवरील शाहू मिल संस्थानी औद्योगिकीकरणाचे महत्त्वाचे प्रतीक होती. २००३ मध्ये ती बंद पडली. तेथे शाहू महाराजांचे स्मारक व्हावे, ही मागणी शासनाने तत्त्वतः स्वीकारली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त दगडी इमारतींत प्रदर्शने व कार्यक्रम झाले. किरकोळ डागडुजीने जुने साचेखाते नागरी सभागृह होऊ शकते, हे त्यावरून कळून आले. मुंबईच्या मानाने जमिनीचा भाव कमी असल्याने येथे विक्रीची निकड तेवढी नव्हती. इमारती टिकून राहण्यास हेही एक कारण झाले.

वारणानगरचे उदाहरण : पन्हाळा तालुक्यातील कोडोली गावालगतचे वारणानगर हे परित्यक्त औद्योगिक भूमीचे उदाहरण नाही. तथापि ह्या विषयाच्या संदर्भात त्याची तुलना उद्‌बोधक आहे. वि. अ. उर्फ तात्यासाहेब कोरे (१९१४–९४) यांच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकात येथील माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या आधाराने पुढे दूध संघ, ग्राहक भांडार, महाविद्यालय व तंत्रशिक्षण संस्था निघाल्या. साखर उद्योगाच्या प्रक्रियेत मूळचीच काहीशी चक्रीयता असते. उसाचा चोथा बाष्पकात जळतो व त्यापासून वीजही निर्माण करता येते. मळीपासून मद्यार्क होतो. गाळणीवरील गाळ, ज्याला शेतकरी प्रेसमड म्हणतात, खत म्हणून शेतात परत जातो. आसवनीच्या सांडपाण्यापासून जैववायू मिळविता येतो. गिरणगावात नफा भागधारकांकडे गेला आणि जमीन मालकाकडे राहिली. वारणानगरात मात्र ऊस घालणारे सभासदच कारखान्याचे धनी असल्याने वाढाव्याचा काही भाग त्याच खोऱ्यातील शाळा व दवाखान्यांत परतला. ह्या रचनेलाही मर्यादा आहेत. एकाच पाणीखाऊ पिकावर खोऱ्याचे भवितव्य टांगलेले राहते आणि गाळपक्षमता वाढविण्याची ओढ वृद्धीच्या चक्रातून सुटत नाही. राज्यातील कित्येक सहकारी कारखाने आजारी पडून विकले गेले किंवा भाडेपट्ट्याने चालविण्यास दिले गेले. त्यामुळे उद्योग थांबल्यावर त्याच्या जमिनीचे काय, हा गिरणगावचा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रापुढेही येऊन ठेपला आहे. तेथे ही जमीन मुळात सभासदांच्या वर्गणीतून उभी राहिली, ही गोष्ट उत्तर शोधताना निर्णायक ठरावी.

परदेशातील प्रयोग : जर्मनीतील रूर खोऱ्यात १९८९ ते १९९९ ह्या काळात एम्शर पार्क हे दहा वर्षांचे वास्तुप्रदर्शन राबविले गेले. १९८५ मध्ये बंद झालेला ड्यूसबुर्ग-माइडरिख येथील लोखंडाचा कारखाना पीटर लात्स यांच्या आराखड्यानुसार उद्यान बनला व १९९४ मध्ये खुला झाला. झोतभट्ट्या न पाडता जिने बसवून पाहण्यासाठी उघडल्या, वायुटाकीत पाणी भरून पाणबुड्यांचे प्रशिक्षण सुरू केले आणि दूषित जमिनीचा काही भाग आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींसाठी सोडून दिला. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे लीना बो बार्डी यांनी पिंपांच्या जुन्या कारखान्याचे रूपांतर १९८२ मध्ये खुल्या झालेल्या सेस्क पॉम्पेइया ह्या श्रमिकांच्या सांस्कृतिक केंद्रात केले. ॲम्स्टरडॅममधील दे सुव्हेल ह्या लहानशा जुन्या गोदीवर दूषित माती खणून न नेता ती शोषणाऱ्या वनस्पती लावल्या आणि जुन्या नौकागृहांत कार्यशाळा थाटल्या. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ह्या प्रयोगाला जमीन विकत न देता दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली होती. ह्या तिन्ही ठिकाणी जमिनीच्या विक्रीचा नफा हा प्रकल्पाचा आधार नव्हता. सार्वजनिक निधी, व्यापारी सेवकांच्या कल्याणासाठी उभारलेली संस्था आणि नगरपालिकेची मालकी असे अनुक्रमे तीन निरनिराळे आधार होते.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून पुनर्वापराची काही सूत्रे निघतात. पाडकामापूर्वी इमारतीतील द्रव्याची मोजदाद व्हावी. जमिनीची मालकी सार्वजनिक ठेवून वापराचा हक्क ठराविक मुदतीने द्यावा. दूषित मातीची तपासणी करून तिच्या शुद्धीला अवधी द्यावा. आणि बांधकामाची मर्यादा जमिनीच्या भावावरून न ठरवता पाणी, रस्ते व स्थानके यांच्या क्षमतेवरून ठरवावी. ह्या विचारावर आक्षेपही घेतले जातात. वर्षानुवर्षे थकलेली देणी आणि घरांची टंचाई यांपुढे संथ पुनर्रचना ही सुखवस्तूंची चैन आहे, असे म्हटले जाते. तो आक्षेप फेटाळता येण्यासारखा नाही. मात्र मुंबईत वेगाने झालेल्या विकासातूनही बहुसंख्य कामगारांना घर मिळाले नाही, ही वस्तुस्थितीही तितकीच लक्षणीय आहे. देणी भागविण्याचा भार जमिनीऐवजी सार्वजनिक निधीवर टाकला असता, तर वाटपाचे १९९१ चे सूत्र टिकले असते की नाही, हा अभ्यासकांपुढील विचारणीय प्रश्न आहे. जेथे जमिनी अद्याप विकल्या गेलेल्या नाहीत, अशा कोल्हापूरसारख्या शहरांत आणि बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांच्या आवारांत त्याचे व्यावहारिक उत्तर शोधण्यास वाव उरला आहे.